मुलाखतीआधीची समाजसेवा

नव्या कापसाचा उबट वास आला की मला माझाच वैताग येतो. समाजकार्याच्या पदवीला प्रवेश हवा होता आणि मुलाखतीत सांगायला गावाच्या समस्या हव्या होत्या. म्हणून मी, मोठी शहाणी, इस्त्रीची पांढरी साडी नेसून, दोन वेण्या घालून, वही घेऊन पवनारजवळच्या एका शेतात शिरले. "मावशी, तुमची मुख्य समस्या कोणती?" कापूस वेचणारी बाई उसळली, "तूच ना वं! माह्या ओळीत काऊन उभी हायेस? बोंडं तुडवून राह्यली. ठेव ते वही अन् वेच!" संध्याकाळपर्यंत माझी बोटं सोलली. मुलाखतीत तीच बोटं मी ऐटीत पुढे केली आणि त्या दिवसाची गोष्ट सांगितली. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "जी बाई दिवसभर शेजारी होती, तिचं नाव काय?" मी विचारलंच नव्हतं. त्या वर्षी प्रवेश हुकला. तेव्हा मॅडमवर चिडले होते. आता त्या दीडशहाण्या पोरीच्या दोन्ही वेण्या ओढाव्याशा वाटतात.