सोफ्याशी न जुळणारा फोटो: गाझियाबाद, पानिपत आणि परत

सूनबाईंचा फोन आला, "आई, सोफ्याच्या मागची भिंत बिल्कुल रिकामी आहे. वास्तुशांतीला याल तेव्हा तुम्हीच काढलेला एखादा फोटो मोठा करून लावू या ना!" झालं, माझी बॅग भरायला सुरुवात. नवं घर, थंडीतली दिल्ली आणि वर आपला फोटो भिंतीवर. आंधळा मागतो एक डोळा!

नव्या वाचकांसाठी सांगते, मी इस्लामपूरची. उभा जन्म शिवणयंत्रावर गेला. कॅमेरा हाती आला तो साठी ओलांडल्यावर. शिकवलं कुणी नाही, बिघडवत बिघडवत शिकले.

मिरजेहून दिल्लीची गाडी धरली. एक सूचना: जानेवारीत जाणार असाल तर धुक्यामुळे गाडी रखडणार हे धरूनच चाला. धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी जास्तीची घ्या. मी पोचले तेव्हा माझा मुलगा निलेश स्टेशनवर पेंगत उभा होता. गाझियाबादला जाईपर्यंत रस्त्यात ना झाड दिसलं ना माणूस, नुसतं पांढरं.

पल्लवी, म्हणजे माझी सून, मराठीच, पण जन्म दिल्लीचा. मराठी बोलते गोड, मध्येमध्ये हिंदीचा तडका. तिनं सोफा दाखवला, मोरपंखी रंगाचा. मागे भिंत ही एवढी. मी म्हटलं, इथं लावायचा फोटो जुना नको, ताजा काढू.

म्हणून दुसऱ्या दिवशी निलेशच्या गाडीनं पानिपत. सकाळी लवकर निघू नका, धुकं विरू द्या. वाटेत मुरथलला पराठे खा. लोण्याचा गोळा एवढा येतो की दोघांत एक पराठा पुरतो. काला अंब, म्हणजे मराठ्यांच्या लढाईचं स्मारक, शहराबाहेर आहे, बागेत काळ्या दगडाचा स्तंभ. लढाई झाली तेच संक्रांतीचे दिवस, त्यामुळे आपल्याकडची माणसं भरपूर. निम्म्यांनी कुणी न सांगता चपला काढलेल्या, त्या थंडीत!

तिथं ती दिसली. नऊवारीतली म्हातारी, अनवाणी. खाली वाकून मूठभर माती उचलली, कपाळाला लावली, आणि उरलेली पदराच्या टोकात घेऊन गाठ मारायला लागली. नजर स्तंभाकडे, बोटं गाठीत. मी जवळ जाऊन विचारलं, "मावशी, फोटो काढू?"

"काढ की. पर मला हसाय सांगू नगंस."

"नाही सांगत. नाव काय तुमचं?"

"नाव कशाला? माती बघ. जशी हाय तशी काढ."

"जशी आहे तशीच काढते," मी म्हटलं. तिचा मुलगा फौजेत होता, दिल्लीच्या छावणीत. तो हाका मारत होता, "आये, गाडी सुटंल!" ती गेली. माझ्याकडे तो एक फोटो राहिला. घरी येऊन बघितला तेव्हा अंगावर काटा आला. असा फोटो माझ्या हातून पुन्हा निघेल असं नाही.

तिसऱ्या दिवशी सरोजिनी नगरचा बाजार. मेट्रोनं जा, पर्स पोटाशी धरा आणि सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरू करा. पडद्याचं कापड मीच निवडलं. सोफ्याचा दोरासुद्धा बरोबर नेला नव्हता, नुसत्या नजरेवर. पल्लवी बघतच राहिली. "आई, क्या मॅचिंग है यार!"

तिथून भिंतीवरच्या चित्रांच्या दुकानात. दुकानदार मोठा बोलका. माझा फोटो त्यानं संगणकाच्या पडद्यावर घेतला, कुठल्याशा दिवाणखान्याच्या भिंतीवर चिकटवला आणि कामाला लागला. लुगड्याचा कुंकवी रंग मोरपंखी केला. मग म्हणाला, "आंटीजी, फेस अंदर की तरफ़ होना चाहिए, दरवाज़े की तरफ़ नहीं," आणि एका झटक्यात फोटो उलटा फिरवला. आरशात दिसावा तसा.

"वाह, परफेक्ट!" पल्लवी म्हणाली.

मी चष्मा सारखा करून जवळून बघितलं. मावशीचा पदर उजव्या खांद्यावर गेला होता.

"भैया, सीधा करो. पदर डावीकडे असतो."

"अरे आंटीजी, इधर की लेडीज़ तो राइट से ही लेती हैं।"

"लेने दो. ये नहीं लेती."

निलेश कुजबुजला, "आई, कोणाला कळणार आहे?"

"मला कळतंय. तिला कळेल. तू शर्टाची बटणं पाठीमागे लावून ऑफिसला जाशील का?"

दुकानदार हसला. "गैलरी में लगाना है क्या?"

"घर में लगाना है, इसीलिए बोल रही हूँ. मॅचिंग मैंने ज़िंदगीभर किया है, भैया. मॅचिंग ब्लाउज का होता है. इस औरत को ब्लाउजपीस मत बनाओ."

पल्लवीचा चेहरा उतरला. "आई, पण घर आमचं आहे ना?"

लागलं. पण मागे हटले नाही. "घर तुमचं, भिंत तुमची. फोटो माझा आणि शब्दही मी दिलाय. लावू नका हवं तर. पण उलटा लावू नका."

मग तिनं तिथलंच एक चित्र घेतलं, धुक्यातले डोंगर, तीन तुकड्यांत. मंडळी, खरं सांगते, सोफ्यावर ते झकास दिसतं. मीही तेच निवडलं असतं. भिंत सजवणं हे त्याचं काम आणि ते तो चोख करतो. डोंगर उलटे फिरवा, निळ्याचे हिरवे करा, कुणाचं काही बिघडत नाही. कव्हर बदललं की चित्रही बदला. माझ्या मावशीला फिरवलं की मात्र ती खोटी पडते. सजावट आणि कला यांत फरक काय, याची पुस्तकं मी वाचलेली नाहीत. मला तो त्या दुकानात असा कळला.

परतताना मेट्रोत पल्लवी माझ्या शेजारी बसली. मग हळूच, "आई, त्या पल्लूला गाठ का मारत होत्या त्या?"

"जपायचं ते पदराला बांधायचं. सुटे पैसे, किल्ली, नातवाला चिंच. तिनं माती बांधली."

"माझी आजी माझ्यासाठी लिमलेटच्या गोळ्या बांधायची," ती म्हणाली. "विसरूनच गेले होते मी."

दुसऱ्या दिवशी मी एका छोट्या स्टुडिओत फोटो छापून घेतला. कापसाच्या कागदावर, चकाकी नसलेला, भोवती पांढरी कड सोडून. महाग पडतं, पण हाताला धुतलेल्या मांजरपाटासारखा लागतो. आधी लहान नमुना काढून बघा. माझ्या पहिल्या नमुन्यात धुकंच निळं झालं होतं. फ्रेम गुंडाळून पल्लवीच्या हातात दिली आणि म्हटलं, कपाटात ठेवलीस तरी चालेल.

वास्तुशांतीच्या सकाळी बघते तर मावशी दारालगतच्या भिंतीवर, चपलांच्या रॅकच्या वर. निलेश घाबरून म्हणाला, "आई, चपलांजवळ चालेल ना?"

"अरे, ती स्वतः चपला काढून उभी होती. याहून योग्य जागा कुठली?"

आता इस्लामपुरात परत आलेय. थंडी अंगातून गेली, मुरथलचं लोणी अजून कंबरेवर आहे. काल पल्लवीचा फोन आला. शेजारीण आली होती. एक बूट काढला आणि दुसरा पायात तसाच ठेवून फोटोसमोर थांबली. विचारलं, "ये कौन हैं? आपकी दादी?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाम नहीं पता. लेकिन उनके पदर में मिट्टी है."