अक्कांच्या फोनमधली सत्तेचाळीस पाहुणी

तारीख : आखाजी, म्हणजे लेकी माहेरी येतात ती आमच्याकडची अक्षय्य तृतीया, तिच्यानंतरचा पहिला रविवार. रक्कम : शून्य रुपये, कारण सगळी अ‍ॅप्स मोफत होती. हजर : आमच्या जळगावच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या अक्का, मी आणि अक्कांच्या फोनमधली सत्तेचाळीस अ‍ॅप्स.

त्यांतली पाच मीच सुचवली होती : पंचांग, हवामान, एसटीचं वेळापत्रक, भजनं आणि बॅटरीचा उजेड. उरलेली बेचाळीस आग्रहानं आली. एका मोफत अ‍ॅपमध्ये दुसऱ्याची जाहिरात यायची, ‘घ्या’ म्हणायची आणि अक्का घ्यायच्या. जाहिरात मध्येच बंद करणं त्यांना जमतच नसे. माहेर धुळ्याकडचं, बोलणं अहिराणी. म्हणायच्या, “पंगतमाईन कोनी आर्धामा उठस का?” त्यामुळे वीज गेली की अक्का अंधारात बसून आधी साबणाची जाहिरात पूर्ण बघत आणि मग उजेड पडे. एखाद्या अ‍ॅपनं परवानगी मागितली की त्याचंही कौतुक. “इचारीसन लेस बिचारं. चोरी थोडी करस!” कणीक मळण्याच्या कृतीच्या अ‍ॅपलासुद्धा त्यांनी सगळ्या नातेवाइकांचे नंबर दिले होते. प्रत्येकाला पाच तारे आणि खाली अभिप्राय : ‘चांगलं आहे. जेवत जा वेळेवर.’

त्या रविवारी धुळ्याला त्यांच्या नातीचा, नेहाचा साखरपुडा होता. अक्कांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलेलं. अंगठी घालताना नेहा व्हिडिओवर दिसणार होती. मुहूर्त अकरा चाळीसचा. त्यासाठीचं अ‍ॅपही मोफतच, पण फोन म्हणाला, जागा नाही. माझा फोन बायको चुकून नशिराबादला घेऊन गेली होती. घड्याळात अकरा दहा.

“अक्का, एकशे ऐंशी एमबी लागतात. काही अ‍ॅप्स काढू या.”

“घर उनेल पाव्हनाले ‘जा’ कशी म्हनू?”

“मग नेहा दिसणार नाही.”

अक्कांनी सगळी चित्रं एकदा वरून खाली पाहिली. मग म्हणाल्या, “पाव्हनाले नही म्हनता येत. पन लेकले सासरले धाडता येस.” आणि कुंकवाचा करंडा मागितला.

मला वाटलं, गंमत करताहेत. त्यांनी बोट ओलं करून पहिल्या चित्रावर, होकायंत्रावर, कुंकू लावलं. “ये माय, आखाजीले ये.” मग मी ते काढायचं. होकायंत्र बारा एमबी. मग माशांचा खेळ, एकतीस. मग पावलं मोजणारं. त्याच्यापाशी अक्का जरा थांबल्या. “बिचारी! दोन महिना व्हयनात, मी एक पाऊल नही टाकं. तरी रोज इचारे.”

“अक्का, अकरा बत्तीस.”

“लेक धाडतांना घाई करतंस का, भाऊ?”

नऊ अ‍ॅप्स गेली. एकूण एकशे सत्त्याऐंशी एमबी. मी कागदावर बेरीज केली. एव्हाना पडद्यावर इतकं कुंकू साचलं होतं की बोट चालेना. मी रुमालानं वरपासून खालपर्यंत जोर लावून पुसलं. चूक इथे झाली आणि ती माझी होती.

अकरा एकोणचाळीसला फोन लागला. नेहा दिसली. मोरपंखी शालू, हात पुढे केलेला. मागून पन्नासएक माणसं डोकावत होती.

“आजी, तू कोठे शे? बठ्ठं लाल दिखी ऱ्हायनं!” नेहा ओरडली.

मी कॅमेऱ्यावरून पुन्हा रुमाल फिरवला. तो रुमालच आता कुंकवाचा झाला होता. धुळ्याला आणखी लाल दिसलं. तिकडे कुणीतरी म्हणालं, फोन तापला असेल, दूर धरा.

“नवरदेवाला म्हणा, जरा थांब. मी पाणी आणतो,” मी उठलो.

अक्कांनी माझं मनगट धरलं. “बस, भाऊ. मी दिखीसन काय करनं शे? ती दिखस ना माले.”

अंगठी बोटात गेली. टाळ्या झाल्या. लाल पडद्याकडे बघून नेहानं वाकून नमस्कार केला आणि अक्कांनी काचेवर दोन्ही हात ठेवले. त्यासरशी फोन कट झाला.

गेल्या वर्षी अक्का मुलाकडे धुळ्याला राहायला गेल्या. तिथे नवा फोन मिळाला. अ‍ॅप्स साठच्या वर आहेत, असं ऐकतो.

त्या दिवशीचा हिशेब एवढाच : कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला, चार्जिंगच्या भोकातलं कुंकू काढल्याबद्दल, माझ्याकडून साठ रुपये. आणि नऊ लेकींना सासरी पोचवणारा पाठराखा म्हणून मला, अक्कांकडून, अकरा रुपये आणि एक नारळ.