अर्धवट राहिलेलं गाऱ्हाणं

माझी मुलगी पोट धरून आरतीत खाली बसली होती आणि मी तिला सगळ्यांदेखत ओरडून उभं केलं. "देवासमोर असं बसतात का गं? ऊठ, टाळ्या वाजव." ती उठली आणि टाळ्या वाजवायला लागली. हे आधीच सांगून टाकतो. पुढे ज्या कृपेबद्दल लिहिणार आहे, ती माझ्या लायकीमुळे आली असा कुणाचा गैरसमज नको.

आम्ही मूळचे मालवणकडचे. वडील गेले, आई माझ्याकडे राहायला आली, गावी जाणं सुटलं, तेव्हापासून दीड दिवसाचा गणपती मी चारकोपच्या घरीच आणतो. आरत्या म्हणण्यात आपल्या तोडीचा कुणी नाही असं माझं मत आहे; बिल्डिंगचं मत मी कधी विचारलेलं नाही. आमच्याकडे एका आरतीवर भागत नाही. एकामागून एक चालू राहतात आणि बाजूच्या सोसायटीतल्या झांजा ऐकू आल्या की मला आणखी चेव येतो. त्यानंतर गाऱ्हाणं. घरातल्या कर्त्या माणसाने देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणायचं. कर्ता म्हणजे मी. वर्षभर ऑफिसात माझं कुणी ऐकत नाही, त्यामुळे त्या दिवशी मी ते जरा लांबवतो.

गार्गी तेव्हा आठ वर्षांची होती. सकाळपासून पोट दुखतंय म्हणत होती. मी बेंबीभोवती हिंग लावलं आणि मखराच्या माळा सोडवायला बसलो. दुपारी तिने मोदक नको म्हटलं. आमच्या घरात मोदक नको म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं, तरी मला काही सुचलं नाही. उलट मी म्हणालो, "नाटकं करू नकोस, प्रसाद आहे." नंतर तिला उलटी झाली. वैशाली, माझी बायको, म्हणाली, "अरे, डॉक्टरांकडे नेऊया का?" मी म्हटलं, "आरती होऊन जाऊ दे, मग बघू. लोक यायला लागलेत." हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

लोक आले. दारं उघडीच होती. सुती साडीतल्या एक बाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन आल्या आणि दाराजवळ बसल्या. मला वाटलं वैशालीच्या ऑफिसातल्या, वैशालीला वाटलं माझ्या. दोघांनीही त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसून घेतलं. मग मी सुरू झालो. गार्गी खाली बसली, मी ओरडलो, ती उभी राहिली. आरत्या संपल्यावर ती मखराच्या बाजूला गुडघे पोटाशी घेऊन आडवी झाली. दमली असेल म्हणून मी डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घालायला लागलो.

"बा देवा महाराजा, ह्या घरातल्या लेकराबाळांका सुखी ठेव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"त्यांच्यावर इली-गेली पिडा दूर कर रे महाराजा!"

उत्तर आलं नाही. मी एक डोळा उघडला. त्या बाई लोकांमधून वाट काढत गार्गीजवळ जाऊन बसल्या होत्या. "बाळा, एका बोटाने दाखव, कुठे दुखतंय?" गार्गीने बेंबीच्या खाली, उजवीकडे बोट ठेवलं. "एक छोटीशी उडी मारशील?" तिने प्रयत्न केला आणि कळवळून वैशालीला बिलगली. बाई माझ्याकडे वळल्या. "मी लहान मुलांची सर्जन आहे. अपेंडिक्स वाटतंय. हिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्यायला हवं."

आणि मी काय बोललो? "मॅडम, गाऱ्हाणं अर्धवट सोडत नाहीत."

वैशालीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीला उचलून ती अनवाणीच जिना उतरली. झांज हातात घेऊन मी मागे धावलो.

रिक्षात त्या बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसून आपल्या ओळखीच्या हॉस्पिटलला फोन करत होत्या. फोन झाल्यावर मी विचारलं, "तुम्ही आमच्यातल्या कुणाच्या?" त्या म्हणाल्या, "कुणाचीच नाही. मला मैत्रिणीकडे, पलीकडच्या सोसायटीत जायचं होतं. बिल्डिंग चुकले. कळलं तोवर तुमची आरती सुरू झाली होती. मध्येच उठून जाणं बरं दिसेना."

माझं मन इतकं लबाड, की त्या अवस्थेतही त्याला वाटून गेलं: बघा, आरती लांबवली म्हणून बाई थांबल्या! दुसऱ्याच क्षणी वैशालीच्या मांडीवर कण्हणारी गार्गी दिसली आणि माझी मलाच शिसारी आली. आरती लांबली नसती तर कदाचित मला पोरीचंच ऐकू आलं असतं.

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. तिथल्या डॉक्टरांबरोबर बाई स्वतः ऑपरेशनला उभ्या राहिल्या. बाहेरच्या बाकावर मी प्रार्थना करायला बसलो. अख्ख्या सेक्टरला ऐकू जाणारा माझा आवाज, पण घशातून काही निघेना. एकही आरती आठवली नाही. हात जोडले गेले आणि मनात एवढंच आलं, "आता तू बघ." त्यापुढे काही मागितलं नाही. मागायला तोंडच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी देवासमोर काहीही न मांडता बसलो आणि त्या गप्प बसण्यात कुणीतरी शेजारी येऊन टेकल्यासारखं वाटलं. भास असेल. मी वाद घालत नाही.

गार्गी वाचली. बाई चहासुद्धा न घेता निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मेहुण्याने गणपती विसर्जनाला नेला. गाऱ्हाणं तसंच राहिलं. त्या बाईंना दार चुकवून कुणी आणलं, हे मी जाणतो असं म्हणणार नाही. रोज हात मात्र जोडतो. ज्याने आणलं, त्याला माझ्या आवाजाची गरज नव्हती, इतकं कळलं. आपण बाजूला झालो की तो आत येतो. आणि टाळ्या वाजवणारे ते छोटे हात आठवले की मान खाली जाते.

पण माणूस कुठला सुधारायला? गार्गी शुद्धीवर आली, पाणी मागू लागली, तसा माझा आवाज परतला. वॉर्डातच उभा राहून मी जाहीर केलं, "पुढच्या वर्षीपासून आपला गणपती पाच दिवसांचा! नवस बोलतो!"

पलंगाशी नातीचे केस विंचरत बसलेल्या माझ्या आईने मान वर केली. "नवस कसले बोलतंस रे मेल्या? गप रव जरा. तुझ्यापुढे देवाक तरी कधी बोलूक मेळतला?"