रंगूनचा वाडगा

मी एकोणीस वर्षांची असताना मला एक वेगळंच काम मिळालं होतं. खाण्याच्या पदार्थांचे फोटो काढायचे, तर ते कुठल्या भांड्यात आणि कुठल्या कापडावर ठेवायचे, हे ठरवायचं. वडिलांचे एक मित्र ठाण्याला स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ चालवायचे. लग्नाची जोडपी, मुंजीतले बटू, नोकरीच्या अर्जाला लागणारे चेहरे, एवढंच त्यांचं जग. एकदा त्यांना मुंबईच्या एका वनस्पती तुपाच्या कंपनीचं काम मिळालं. कंपनी पाककृतींची पुस्तिका छापणार होती आणि तिला आठ पदार्थांचे फोटो हवे होते.

हे फोटोवाले काका आमच्या नौपाड्यातल्या घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "माणसाला मान वर कर, हस म्हणून सांगता येतं. पुरीला काय सांगू? तुमच्या मुलीनं गौरीपुढे केलेली आरास मी पाहिली आहे. तिला पाठवा."

आई मी शाळेत असतानाच गेली होती. घरात वडील, मी आणि माझा मोठा भाऊ. भाऊ मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी बसला होता. वडील कचेरीत कारकून होते. खोटं बोललेलं त्यांना खपत नसे. लहानपणी मी शेजारच्या परसातला पेरू तोडून 'पडलेला उचलला' म्हणाले, तर ते मला हाताला धरून शेजाऱ्यांकडे माफी मागायला घेऊन गेले होते. त्यांनी जा म्हटलं म्हणून मी गेले.

पहिल्याच दिवशी आम्ही तोंडघशी पडलो. मी घरची पितळेची चकचकीत ताटली नेली होती आणि तिच्यात मुगाच्या वरणाची वाटी ठेवली होती. फोटो धुऊन आला तर वरणाचं डांबर झालेलं! काका हसले. त्यांच्या कॅमेऱ्यात घालायच्या काचेच्या प्लेटांवर पिवळा आणि तांबडा रंग काळा उमटायचा, हे मला कुठून माहीत असणार? मग त्यांनी मला निळ्या काचेचा एक तुकडा दिला. "यातून बघ. यातून जे चांगलं दिसेल, ते फोटोत चांगलं येईल."

तो तुकडा घेऊन मी आठवडाभर घरोघर हिंडले. लोकांच्या फडताळातली भांडी एक डोळा मिटून बघत असे. बायका हसायच्या, पण भांडी द्यायच्या. तांब्याचं पातेलं काचेतून काळं दिसे, चांदीची वाटी नुसती चमके. पांढरा भात पांढऱ्या बशीत नाहीसाच होई. शेवटी कुठे पत्रावळ बरी दिसली, कुठे दगडी पाटा, कुठे इरकली लुगड्याचा जुना पदर. पुऱ्या फुगलेल्या राहाव्यात म्हणून मी त्यांच्या पोटात हळूच कापूस भरला. मला हे सगळं फार आवडायला लागलं होतं.

चिरोट्यांसाठी मात्र काही सापडेना. त्यांचे पापुद्रे दिसायला हवे होते. तेव्हा मला आमच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या काकू आठवल्या.

काकू रंगूनहून आलेल्या. लढाईत तिथे बॉम्ब पडायला लागले तेव्हा नवऱ्यानं त्यांना एक ट्रंक देऊन बोटीवर बसवलं आणि 'मी मागून येतो' म्हणाला. तो आला नाही. पत्रही आलं नाही. काकू कपाळाला कुंकू लावत आणि त्याबद्दल त्यांना कोणी काही विचारत नसे. त्या ट्रंकेतून आलेला एक चिनी मातीचा वाडगा त्यांच्याकडे होता. फिकट हिरवा, उथळ, कडेला बारा पाकळ्या. त्यातली एक पाकळी भट्टीतच जराशी दबली होती. नवऱ्यानं तो बाजारातून हौसेनं आणला होता, आणि दबलेल्या पाकळीमुळे दुकानदारानं स्वस्तात दिला म्हणून खूश झाला होता. हे काकूंनी मला कितीदा सांगितलं होतं.

मी निळ्या काचेतून तो पाहिला. मऊ, दुधी राखाडी दिसला. असंच भांडं मला हवं होतं.

"काकू, दोन दिवसांसाठी द्याल?"

त्यांनी वाडगा पदरानं पुसला. मग त्यांनी तो स्वतःच्या जुन्या साडीत गुंडाळला आणि म्हणाल्या, "तुला देते आहे हं. त्या फोटोवाल्याला नाही."

चिरोट्यांचा फोटो सगळ्यांत सुरेख आला. दबलेली पाकळी मी मागच्या बाजूला फिरवून ठेवली होती. कंपनीचे साहेब स्वतः स्टुडिओत बघायला आले, त्यांनीही वाडगा हातात घेऊन पाहिला. मी त्या दिवशी घाईनं घरी गेले. वाडगा उद्या न्यावा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काका खाली मान घालून बसले होते. "पोरी, माझ्या हातून फुटला. तुकडे कोणाच्या पायात जातील म्हणून फेकून दिले."

मी तिथेच रडायला लागले. घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "फुटणाऱ्या वस्तू फुटायच्याच. जा, जाऊन सांग त्यांना."

काकूंपुढे मी ती रिकामी साडी ठेवली. 'माझ्या हातून फुटला' असं मीच म्हणाले, कारण वाडगा त्यांनी मला दिला होता. त्यांनी साडीची घडी घातली आणि दार लोटून घेतलं. दोन दिवस त्या नळावर आल्या नाहीत.

पुढच्याच महिन्यात भावाला त्या तुपाच्या कंपनीच्या गोदामात कारकुनाची नोकरी लागली. काकांनी शब्द टाकला, एवढंच मला कळलं. मी देवापुढे साखर ठेवली.

सात-आठ महिन्यांनी वाण्याच्या दुकानात गेले तर खांबाला पुठ्ठ्यावर छापलेली कंपनीची नवीन जाहिरात टांगलेली. जेवणाच्या टेबलाशी एक छानशी बाई पाहुण्यांना वाढते आहे आणि टेबलावर मधोमध बारा पाकळ्यांचा वाडगा. दबलेली पाकळी अगदी समोर. ज्यानं कोणी तो मांडला होता, त्याला ती लपवायची असते हे ठाऊक नव्हतं.

मी वाण्याकडून तो पुठ्ठा मागून घेतला आणि तडक स्टुडिओत गेले.

काकांनी पुठ्ठा पाहिला. खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "साहेबांना आवडला तो. बायकोला दाखवतो म्हणून घेऊन गेले. मी परत कसा मागू?"

"मग फुटला म्हणून मला का सांगितलंत?"

त्यांनी पुठ्ठा मला परत दिला. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांना विचार."

मला वाटलं, आपली सुटका करून घ्यायला काहीतरी बोलताहेत. तरी तलावपाळीवरून मी जवळजवळ पळतच घरी आले. रविवार होता. वडील ओट्यावर बसून चपलांना पॉलिश करत होते. मी पुठ्ठा त्यांच्यासमोर धरला.

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "तू घरी निघून गेल्यावर साहेबांनी वाडगा उचलला, तेव्हा मी तिथेच होतो. तुझ्या भावाचा अर्ज घेऊन गेलो होतो."

"आणि फुटला असं सांगायचं, हे कोणी ठरवलं?"

"मीच सुचवलं. तुला खरं सांगितलं असतं तर तू परत मागायला गेली असतीस." मग जरा आवाज चढवून म्हणाले, "दोन वर्षं मुलगा घरात बसून होता. एक वाडगा मोठा, की त्याचं आयुष्य?"

मी म्हणाले, "वाडगा आपला नव्हता." त्यांनी पुन्हा ब्रश हातात घेतला.

मला सगळ्यांत जास्त कशाचं वाईट वाटलं, तर त्या दिवशी ते पेपर वाचत राहिले, त्याचं. मला कडेवर घेणाऱ्या, माझ्या आईच्या आजारपणात माझी वेणी घालणाऱ्या माणसानं मला खोटं सांगायला काकूंच्या दारात पाठवलं आणि स्वतः पेपराचं पान उलटलं.

संध्याकाळी मी काकूंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. त्यांचा चेहरा इतका उतरला की मी मध्येच थांबले.

"फुटला म्हणालीस तेव्हा दोन दिवस रडले आणि मोकळी झाले," त्या म्हणाल्या. "आता तो कुणाच्या तरी टेबलावर आहे, हे कशाला सांगितलंस? याचं मी काय करू?"

"मी कंपनीला पत्र लिहिते, काकू. परत मागते."

"आणि भावाची नोकरी?" त्यांनी लगेच विचारलं. मी उठून उभी राहिले. "जा तू आता," त्या म्हणाल्या.

पत्र मी लिहिलं. तिकीटही लावलं. भाऊ पगारातून पहिल्यांदाच माझ्यासाठी पातळ घेऊन आला होता, ते दोरीवर वाळत होतं. पत्र तीन दिवस माझ्या उशाखाली राहिलं, मग मी ते बंबात घातलं. म्हणजे शेवटी मीही त्यांच्यातलीच झाले.

काकू वर्षभरात डोंबिवलीला पुतण्याकडे राहायला गेल्या. तेव्हा तिथे भाताची खाचरं आणि मोजक्या चाळी होत्या. जाताना शेजारणींचा निरोप घेतला, माझाही घेतला, पण माझ्याकडे न बघता. काकांनी पुन्हा दोनदा बोलावणं पाठवलं. मी गेले नाही. ते काम मला आवडत होतं, आणि तसं काम मला आयुष्यात पुन्हा कधी मिळालं नाही.

वडिलांशी मी भांडले नाही. त्यांनी माझं लग्न रीतसर लावून दिलं, माझ्या मुलांना खेळवलं. नंतर वीस वर्षं ते जगले आणि त्या काळात मला ते काही खोटं बोलले असतील, असं वाटत नाही. पण म्हातारपणी माझ्याकडे राहत असताना ते दवाखान्यातून आले की मी विचारायची, "डॉक्टर काय म्हणाले?" ते सांगत. मी मान हलवायची, चहा ठेवायची, आणि भाजी आणायला म्हणून बाहेर पडून डॉक्टरांना स्वतः विचारून यायची.