मोनिकानं शिकवलेली डबी

माझी सून मोनिका. लोकांच्या सुना भरतकाम करत्यात, ही बंद पडलेले मोबाईल खोलून बसती. "कसली सून ही! सैपाक न्हाई, नुसतं स्क्रूपाना," आसं मी आळीभर सांगत फिरायची. खोटं कशाला बोलू? आता त्याच तोंडानं कौतिक करतीया.

आमी पाथर्डीकडचे. आमच्या घरचे दोन कोयते, म्हंजी नवरा-बायकोच्या दोन जोड्या, दरसाल ऊसतोडीला जात्यात. एक माझा आन् मालकांचा, दुसरा माझा लेक अंगद आन् मोनिकाचा. औंदा मोनिका म्हनली, "आत्या, मी कोयता न्हाई धरनार. गावरान पिलं काढून विकीन." थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून तिनं अंडी उबवायचं मशीन केलं. बल्बाच्या प्लगाला अंगदनं नगरावरनं आनलेली पांढरी डबी, स्मार्ट प्लग म्हनत्यात तिला. मोबाईलवरनं चालूबंद व्हायची, बल्ब किती लाईट खातो तेबी दाखवायची.

पयल्या खेपेची समदी अंडी वाया गेली. आमी बाजरी काढायला गेल्तो, तिथं रेंज न्हाई. घरी लाईट गेली, थोड्या वेळानं आलीबी. पन डबी मेली बंदच राहिली! कंपनीला फोन लावला तर म्हने, लाईट गेल्यावर ती बंदच राहती, तशीच बनवलीया. आता बोला! बनवनाऱ्याच्या गावात लाईट जातच नसंल.

"झाली हौस? लाव कोयत्याला धार," मी म्हनलं. पोरगी लई रडली. दुसऱ्या दिवशी मातर डबीच खोलून बसली.

"आत्या, हिच्यातला कंपनीचा प्रोग्राम पुसून दुसरा भरायचा. फर्मवेअर म्हनत्यात."

"म्हंजी हिला आक्कल शिकवायची?"

"व्हय!"

डबी प्लगात न्हाई, हे तिनं पुन्यांदा बगितलं. मंग जुन्या लॅपटॉपला जोडलेल्या बारक्या वायरी डबीतल्या ठिपक्यांवर दाबून धरायच्या हुत्या. जरा हाललं की परत पयल्यापासनं. अंगदचा हात सारखा थरथरायचा.

"सरक तिकडं," मी म्हनलं, "जनमभर कोयता चालवलाय, माझा हात हालत न्हाई."

दम रोखून धरलं. मोनिका वरडली, "झालं आत्या!" आगं बया, मलाच रडू फुटलं.

मुकादम सहादेव ऊसतोडीची मानसं ठरवायला आला, तवा दुसऱ्या खेपेची अंडी फुटायला आल्ती. "दोन कोयते धरू ना?" त्यानं इचारलं, आन् तेवढ्यात लाईट गेली. मोनिका खोक्याकडं पळाली. मी तिचा हात धरला.

"थांब. डबी शिकली का न्हाई ते बगू."

मुकादमाचा चहा निवला तरी तो प्येला न्हाई. मंग लाईट आली. डबीत टक् झालं, आन् बल्ब आपला आपन लागला. खोक्यातनं बारीक चिवचिव ऐकू आली.

"मंग, दोनच ना?" मुकादम म्हनला.

"एकच," मी म्हनलं. "आमा म्हाताऱ्यांचा. सुनंला माझ्या घरी काम हाय."