दोन्ही बाटल्या विहिरीच्या

"हात धू. साबण लाव. अजून एकदा लाव."

नववीचा वर्ग. प्रयोगशाळेच्या नळापाशी मी, आणि मागे सगळी पोरं नाक दाबून हसतायत. विज्ञानाच्या सरांनी विचारलं होतं, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी झाला तर काय होतं? मी उठून सांगितलं, "मासा तोंड वर काढतोय सर. काठाला येतोय. हातानं धरला तरी पळत न्हाय."

उत्तर बरोबर होतं. सर म्हणाले, "हा विज्ञानाचा तास आहे, मासळी बाजार नाही. वर्गभर वास सुटलाय. आधी हात धुऊन ये, मग शास्त्रीय शब्दांत बोल."

आम्ही भोई. आबा नदीत जाळं टाकतात, आई कोल्हापूरच्या बाजारात मासे विकते. सकाळी मासे निवडून, राखेनं हात घासूनच मी शाळेत यायची. तरी त्या दिवशी तीनदा साबण लावला. आणि खरं सांगते, मला सरांची नाही, आईची लाज वाटली. त्याची चीड अजून गेलेली नाही.

मग शास्त्रीय शब्द पाठ केले. सरांनी दिलेली पर्यावरणाच्या शब्दांची अख्खी यादी, घडाघडा. अक्षर चांगलं म्हणून विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता माझ्याकडेच आला. गरज होती तेव्हा माझ्या हातांना वास येत नव्हता. तक्त्यापुढे दोन बाटल्या ठेवायच्या होत्या. एक शुद्ध पाण्याची, एक प्रदूषित पाण्याची.

"दोन्ही बाटल्या शाळेच्या विहिरीवर भर," सर म्हणाले. "एकीत चिमूटभर माती टाक. नदीचं पाणी आणू नकोस. पाहुणे साखर कारखान्याचे संचालक आहेत. शाळेवरचे पत्रे त्यांनी दिलेत."

त्याच आठवड्यात त्यांच्या कारखान्यानं मळीचं पाणी नदीत सोडलं होतं. जाळं टाकायच्या आधी आबा ओंजळभर पाणी हुंगतात. मळीचा वास आला की जाळं खांद्यावरून उतरत नाही. तीन दिवस उतरलं नव्हतं. कारखान्याचा नाला मिळतो तिथून खाली मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. मी आबांना बाटल्यांचं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मातीनं मासा मरत न्हाय, बाळ. पुरात तर सगळी नदी मातीच असती की."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी नाल्याच्या खाली गुडघाभर पाण्यात उतरले. एक बाटली भरली. काळपट लाल पाणी. सुंदर अक्षरात चिठ्ठी लावली: सांडपाणी.

संचालकसाहेबांनी टेबलापाशी येऊन झाकण उघडलं आणि झटकन मान मागं घेतली. "काय गं हे?"

"तुमच्या कारखान्याचं पाणी हाय, साहेब. यादीत सांडपाणी म्हणत्यात. आमी मळी म्हणतो."

सर दातओठ खात पुढं आले. "उचल ती बाटली. आणि हात धुऊन ये."

"कुठल्या पाण्यानं धुऊ, सर? नळाला ह्याच नदीचं पाणी येतंय."

मी बाटली उचलली नाही. सरांनाच उचलावी लागली. घाईत त्यांच्या शर्टावर सांडली.

पुढं तेच झालं जे होणार होतं. तक्त्यावरचं माझं नाव खोडलं. वर्षभर मला प्रयोगशाळेत पाय टाकू दिला नाही. आईला बाजारातून बोलावून घेतलं, माफी मागायला. आईनं हात जोडले. मी जोडले नाहीत.

आज मी कोल्हापुरात पाणी तपासायचंच शिक्षण घेते. ते सगळे शास्त्रीय शब्द आता माझे रोजचे आहेत. काठावरच्या गावांतल्या पोरांना ते शिकवायलाही जाते. आधी ओंजळ हुंगायला लावते, मग शब्द सांगते.

परवा त्याच शाळेतून फोन आला. प्रदर्शनाला परीक्षक म्हणून या. सर तेच, पाहुणेही तेच. सर म्हणाले, "नदीचा विषय तेवढा जपून, मॅडम."

पोर होते तेव्हा ‘हात धू’. आता ‘मॅडम’. सांगणं एकच.

मी जाणार आहे. दोन बाटल्या घेऊन, दोन्ही नदीच्या. एक नाल्याच्या वरची, एक खालची. टेबलावर झाकणं उघडी ठेवणार. त्या दिवशी सकाळी आईबरोबर मासे निवडणार आणि हात न धुता जाणार.