अबाऊटच्या खिडकीतली आत्या

आत्याला माफ करता येत नसे. प्रयत्न करून जमलं नाही असं नव्हे. ती सोयच तिच्या स्वभावात नव्हती. सुरतेच्या आमच्या ऑफिसातल्या एका हिशेबनिसाने तिला, प्रोग्रॅम लिहिणारीला, पहिल्याच आठवड्यात 'टायपिंगवाळी बेन' म्हटलं होतं. तेव्हापासून त्याचा प्रिंटर बिघडला की आत्या स्वतः उठून जाई, मन लावून तो दुरुस्त करी, आणि हिशेबनीस 'थँक्यू' म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात पाठ फिरवून चालू लागे. हे वर्षानुवर्षं चाललं. बिचाऱ्याचे आभार शेवटपर्यंत त्याच्या तोंडातच राहिले.

ती माझी सख्खी आत्या नव्हे. मी त्या कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायला लागलो, त्या दिवशी तिने माझं आडनाव ऐकलं आणि गाव विचारलं. धुळं म्हटल्यावर गल्ली विचारली. माझे वडील आणि ती एकाच गल्लीत वाढलेले निघाले. "मंग मी तुनी आत्या लागस," ती म्हणाली आणि आपल्या डब्यातली अर्धी कळण्याची भाकरी माझ्यापुढे ठेवली. ऑफिसला ती 'बेन', मला आत्या. दोघंही राहायला डिंडोलीत, त्यामुळे ऑफिस सुटल्यावरही माझी सुटका नसे.

"बोलू नको. चालाडी दखाड." हे तिचं आवडतं वाक्य. चालवून दाखव. कुणी म्हणालं की हे होणार नाही, तर ती वाद घालत नसे. दुसऱ्या आठवड्यात ते चालू करून त्याच्या टेबलावर ठेवी आणि समोर उभी राहून त्याचा चेहरा बघे. तो चेहरा बघण्यात तिला जे सुख होतं, ते दुसऱ्या कशात नव्हतं. मला वाटतं, ती प्रोग्रॅमिंग शिकली तीच त्यासाठी.

सुरतेत साड्यांवरचं भरतकाम मशीनवर होतं, आणि मशीनला प्रत्येक टाका आधी कॉम्प्युटरवर आखून द्यावा लागतो. त्याला पंचिंग म्हणतात. आमची कंपनी पंचिंगचा प्रोग्रॅम विकायची आणि तो अख्खा आत्याने लिहिला होता. त्यातल्या 'अबाऊट'च्या, म्हणजे प्रोग्रॅम कुणी बनवला ते सांगणाऱ्या, खिडकीत, अगदी तळाला, बारीक अक्षरात तिचं नाव होतं. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "आत्या, ते वाचायला भिंग लागेल." ती हसली नाही. म्हणाली, "घराच्या पाटीवर सासऱ्यांचं नाव, लाइटबिलावर नवऱ्याचं. ही एवढीच जागा माझी आहे."

ती जागा साहेबाने घेतली. साहेब म्हणजे शेठचा जावई. सासऱ्याने कंपनी हातात दिली तेव्हा त्याला पंचिंग म्हणजे काय हे आम्ही सांगितलं होतं. नव्या आवृत्तीचा समारंभ हॉटेलात झाला. मोठ्या पडद्यावर अबाऊट उघडलं, तर 'संकल्पना आणि निर्मिती' म्हणून साहेबाचं नाव, शेजारी त्याचा हसरा फोटो. आत्याचं नाव कुठेच नाही. टाळ्या पडल्या. ती सरळ त्याच्याजवळ गेली आणि विचारलं. तो हसतच म्हणाला, "बेन, आ कंपनीनुं सॉफ्टवेर छे, कोई एक माणसनुं थोडुं छे?" एका माणसाचा फोटो मागे पडद्यावर झळकत असताना तो हे म्हणाला! मी आजही हे लिहितो तेव्हा माझ्या मुठी वळतात.

आत्याने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. रडली नाही. संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती मिरच्या खुडत होती. "मन्हं नाव पुसं त्यानी," ती म्हणाली. "आते त्याना हातघाईच लिखाडसू." त्याच्याच हाताने ते परत लिहून घेईन, असं. मला ती रागाच्या भरात बोलतेय असं वाटलं. पण तिचा राग भरात कधीच नसे, तो मुरत ठेवलेल्या लोणच्यासारखा असे.

आमचा प्रोग्रॅम एका परदेशी कंपनीच्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, बांधलेला होता. त्या फ्रेमवर्कच्या सगळ्या किल्ल्या त्या कंपनीकडे, आणि खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम चालायचे ते फक्त विंडोजवर. जगभरच्या काही लोकांनी मात्र त्याला ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही मोकळा असा, पर्याय उभा केला होता. मूळ कोड न पाहता, फक्त बाहेरून त्याचं वागणं बघून, तसंच वागणारं दुसरं फ्रेमवर्क. ते लिनक्स या फुकटच्या सिस्टिमवरही चालायचं. दुसऱ्याच्या घरची आमटी नुसती चाखून आपल्या चुलीवर तशीच करावी, तसं ते काम. आत्या त्यात शिरली. भरतकामाचे बारीक टाके दोन्हीकडे हुबेहूब सारखे दिसावेत म्हणून तिने स्वतःचा एक भाग नव्याने लिहायला घेतला. मी म्हटलं, "जुना कोड तुझ्या डोक्यात आहेच की, उतरव." ती माझ्यावर खवळली. "तिथली एक ओळ आणायची नाही. चोरी केली तर तो सूड नव्हे, चोरीच." ओळ न् ओळ तिने वेगळी विणली. त्या दिवसांत मी तिला इतकी आनंदी पाहिली की मला साहेबाचे आभार मानावेसे वाटले, मानले नाहीत.

काम झाल्यावर तिने ते सगळ्यांना मोकळं करून टाकलं. घ्या, वापरा, विका. अट एकच: बनवणाऱ्यांची नावं प्रोग्रॅमच्या अबाऊटमध्ये दिसलीच पाहिजेत.

मग ती नुसती वाट बघत बसली. कोसाडच्या भरतकामाच्या युनिटवाल्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवं विंडोज चढेना, म्हणून कुणीकुणी लिनक्स टाकलं आणि आमचा प्रोग्रॅम त्यावर मागायला लागले. साहेबाने एका प्रदर्शनात कुणाला न विचारता छातीठोक सांगून टाकलं की आमचा दोन्हीवर चालतो. चालत नव्हता. त्याच्या हाताखालच्या पोरांनी डोकं फोडून घेतलं आणि शेवटी त्यांना इंटरनेटवर काय सापडलं? आत्याचं काम.

साहेब घारीचा, त्या सुरती मिठाईचा, डबा घेऊन डिंडोलीला आला. आत्याने मला मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. असा खेळ एकटीने बघायचा तिचा स्वभाव नव्हता. "बेन, जूनी वात छोडो ने," साहेब म्हणाला. झालं गेलं सोडा, असं. "ती अट तेवढी काढा. काय हवं ते मागा." आत्याने अट उघडून स्क्रीन त्याच्याकडे फिरवला. "मोठ्याने वाचा." तो मनात वाचायला लागला, तर म्हणाली, "मोठ्याने. माझ्या भाच्याला इंग्रजी ऐकायला आवडतं." त्याने वाचली. अटीखाली तिच्या नावाआधी त्या पर्यायी फ्रेमवर्कवर राबलेल्या शेकडो लोकांची नावं होती, तीही तिने वाचायला लावली. नावं उच्चारताना साहेबाला घाम फुटला. एवढी नावं कशाला, असं त्याने विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "त्यांना गाळून माझं एकटीचं ठेवलं, तर तुमच्यात आणि माझ्यात फरक काय?" मग तिने चहा टाकला, घारी फोडली आणि त्याच्यासमोर एक तुकडा खाल्ला. विषय तिच्यापुरता संपला.

पुढच्या समारंभात पडद्यावर नावं सरकत राहिली, सरकत राहिली. आत्याचं आलं तेव्हा मी एवढ्या जोराने टाळ्या वाजवल्या की लोक वळून बघायला लागले. ते नाव बघायलाच मी तिथे थांबलो होतो, तेव्हाच राजीनामा दिला.

आत्या नंतर फार राहिली नाही. आजारपण छोटं होतं. साहेब भेटायला आला, डोळे पुसत गेला. आणि फार महिने उलटले नाहीत तोच कोसाडच्या एका युनिटात मी नवी आवृत्ती पाहिली. आतलं काम आत्याचंच होतं. अबाऊटमध्ये पुन्हा एकच नाव, फोटोसकट. माणूस गेल्यावर कोण बघायला येतंय, असा हिशेब.

मी बघायला होतो. कोर्टात गेलो नाही. तिथे माझे केस पांढरे झाले असते आणि त्याचे नसते. डिंडोलीत तिच्या शेजारी बसून जे शिकलो होतो, त्याच्या जोरावर तिच्या कामावर मी अख्खा पंचिंगचा प्रोग्रॅम उभा केला, लिनक्सवर आणि विंडोजवर चालणारा, आणि पेनड्राइव्ह खिशात घालून युनिटं फिरायला लागलो. चालवून दाखवायचा आणि फुकट देऊन यायचं. कोसाड झालं, अमरोली झालं. साहेबाचे ग्राहक गळायला लागले, तसा परवा त्याचा फोन आला. आवाज बारीक. "भाई, बेनचं नाव परत टाकतो. सगळ्यांची टाकतो. आता थांब."

आत्या असती तर इथे थांबली असती. तिला नावच हवं होतं. ते मिळाल्यावर त्याच माणसाला चहा पाजताना मी तिला पाहिलं आहे. मलाही ते नाव परत हवं आहे. पण ती असताना त्याने ते पुसलं तेव्हा ती उभी राहून विचारू तरी शकली होती. मेल्यावर पुसलं.

"नाव टाका," मी साहेबाला म्हणालो, "ते टाकायलाच हवं." आणि फोन ठेवला. कतारगामची युनिटं अजून बाकी आहेत.